उत्तर: लेथवर फिरवून कातलेल्या लाकडावर लेझरने नाव कोरताना
वाडग्यावर कोरलेली अक्षरं मधे ठसठशीत आणि कडेला पुसट येतात, असं वर विचारलंय. यंत्र ठीक असावं, अडचण गोलाईची आहे. छोट्या डायोड लेझरचा (छोट्या यंत्रातल्या निळ्या लेझरचा) फोकस ठरावीक अंतरावरच नेमका बसतो; पृष्ठभाग दोन-तीन मिलिमीटर खाली गेला की ठिपका पसरतो. म्हणून लाटण्यावर नाव लांबीच्या दिशेने घ्या, वाडग्यावर सरळ खालच्या सपाट बुडावर. बुडावर कोरलेलं नाव दिसत नाही म्हणून आमच्या घरी कुरकुर झाली, पण ते सुबक येतं हे खरं.

लाकूडही बघा. शिवणीच्या फिकट लाकडावर रेघ छान उठते, शिसवीवर काळ्यावर काळं. आधी मास्किंग टेप लावली तर धुराचे डाग टेपेवरच राहतात. लाखेचं पॉलिश मात्र नंतर! मी उत्साहात आधी चढवलं, तर अक्षरांभोवती लाख वितळून फुगली. सगळं परत लेथवर चढवून घासावं लागलं.

आणि गॉगल लेझरच्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणाराच हवा (या निळ्या लेझरची साधारण ४५० नॅनोमीटर असते). उन्हाचा चष्मा अजिबात चालणार नाही.