मदत हवी आहे: अष्टपैलू खेळाडू मोजायचा कसा?

मंडळी, २०२७ च्या विश्वचषकासाठी आमच्या ग्रुपवर १५ जणांचा संघ निवडायचा खेळ चाललाय आणि गाडी सातव्या क्रमांकावर, म्हणजे अष्टपैलूच्या जागेवर अडकलीये.

२०२३ च्या विश्वचषकात पुण्याजवळ गहुंजेत बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्याने पायाने चेंडू अडवला, घोटा दुखावला आणि षटकातले उरलेले तीन चेंडू कोहलीला टाकावे लागले. पुढे शमी (गोलंदाज) आणि सूर्यकुमार (फलंदाज) असे दोघे आले, तेव्हा कुठे त्याची जागा भरली. अंतिम सामन्यापर्यंत सहावा गोलंदाज असा नव्हताच. उलट २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत हार्दिक, जडेजा, अक्षर तिघेही अकरात. अक्षर तर पाचव्या क्रमांकावर!

आता प्रश्न. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची, ही जुनी पद्धत कसोटीत कपिल देवला शोभते (३१.०५ आणि २९.६४). पण वनडेत सहा षटकं टाकून तीस धावा करणाऱ्याला ती लावायची कशी? स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा), इकॉनॉमी (षटकामागे दिलेल्या धावा) यांचं वजन किती धरता? आणि हार्दिक नसेल तर शिवम दुबे, नितीश रेड्डी, की सरळ सहावा फलंदाज?

आकडे घेऊन या. 'माझा आवडता' म्हणणारे ग्रुपवर भरपूर आहेत.