अनुभव धागा: कॉम्प्युटरमधून निघता निघत नाही ते सॉफ्टवेअर, आणि त्याची हेल्पलाइन

सदाशिव_पेठी: परवा माळा आवरताना बाबांचा जुना सीपीयू निघाला, त्याच्यावर त्यांची २०१६ ची डायरी. त्यात चक्क हेल्पलाइनच्या नोंदी! "१०.२० फोन लावला. १०.५५ उचलला. कंट्रोल पॅनेल, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. ११.३० पुन्हा तेच." असे सलग नऊ दिवस. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढायचा होता, बाकी काही नाही. यादीतून नाव गेलं, पण लाल चौकट येतच राहिली. बाबा त्याच मशीनवर दिवाळी अंकाची प्रुफं बघायचे. फोनवर रोज नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटच्या दिवशी लिहिलंय, "माझ्याकडून काही चुकले का, विचारले. उत्तर नाही." हे वाचून मी माळ्यावरच बसून राहिले. नंतर कळलं, त्या कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल होतं, फुकट. नऊ दिवसांत एकानेही सांगितलं नाही. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

कोथरूडची_अनु: ती शेवटची ओळ गं... कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझा प्रिंटरचा ड्रायव्हर. जुना प्रिंटर विकला, तरी प्रत्येक प्रिंट त्याच्याच नावावर जाऊन अडकायची. फोनवर म्हणे सीरियल नंबर सांगा, प्रिंटरच्या मागे असतो. अहो, प्रिंटरच नाहीये माझ्याकडे! "मग मागे बघा ना मॅडम." शेवटी भाच्याने प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ड्रायव्हर पॅकेजच उडवलं.

तपकीर_गल्ली_दुकानवाला: ताई, तुमच्या बाबांचं काहीच चुकलं नव्हतं. अँटिव्हायरस एका फोल्डरात बसत नाही. त्याचे ड्रायव्हर, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीतल्या (म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या) नोंदी सगळीकडे असतात, आणि व्हायरसने त्याला उडवू नये म्हणून तो स्वतःला कुलूप लावून घेतो. आधी सेटिंगमधलं सेल्फ प्रोटेक्शन बंद करा, मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. तरी उरलं तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करून, कंपनीचं टूल. विंडोज १० ला शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की तिकडे जायचा रस्ता मिळतो. फोल्डर हाताने डिलीट करू नका, नेट बंद पडू शकतं.

धायरी_फाटा: हेच केलं होतं मी. फोल्डर उडवला, नेट गेलं. हेल्पलाइनवाला म्हणतो, "ई-मेलवर लिंक पाठवतो, डाउनलोड करा." कशावर करू? शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हमध्ये आणलं तेव्हा सुटलो.

औंधकर: मूळ विषय नाही, पण सॉफ्टवेअर काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही हे आईला कोणी सांगितलंच नाही. दुसऱ्या वर्षीही पैसे कापले. ऑक्टोबर २०२१ पासून ऑटोपेचे पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावं लागतं, तो मेसेज बघत जा. मॅंडेट, म्हणजे पैसे कापायला आपण दिलेली परवानगी, बँकेच्या अ‍ॅपमधून रद्द होतं.

हडपसर_माई: आणि नंबर गूगलवर शोधू नका रे बाळांनो. आमच्या ह्यांनी शोधला, तो भामट्याचा निघाला. स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावलं. ओटीपी विचारला तेव्हा सुनेने फोन ओढून घेतला म्हणून वाचलो. नंबर खोक्यावरचा नाहीतर कंपनीच्या साइटवरचाच. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

कोथरूडची_अनु: माई, सुनेला माझा नमस्कार सांगा.

धायरी_फाटा: सदाशिव_पेठी, डायरीच्या पानाचा फोटो टाक ना. प्रुफं बघणाऱ्यांचं अक्षर बघायचंय.

सदाशिव_पेठी: टाकते रात्री. आडव्या रेघा पट्टीने मारल्यात, तक्रार क्रमांक लाल शाईत. दादा, सीपीयू भंगारात द्यायचाय, पण आतली हार्ड डिस्क काढून हवी. बाबांचे लेख असतील त्यात. उद्या गुरुवारी दुकान चालू आहे का?

तपकीर_गल्ली_दुकानवाला: वीज असली तर आहेच. चारनंतर या. तोवर मशीन चालू करून बघू नका, इतकी वर्षं पडून आहे. तसंच आणा.