ॲरिझोनात गाडी अडवली तर पोलीस व्हिसा विचारू शकतात का?

शंकेखोर
न्यू जर्सीतल्या एडिसनहून फिनिक्सला बदली होतेय. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आईबाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर सोबत असतील. ॲरिझोनाचा इमिग्रेशनवरचा एसबी १०७० कायदा सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये उडवला असं एकजण म्हणतो, तर दुसरा म्हणतो 'कागद दाखवा' हे कलम अजून जिवंत आहे. खरं काय? आणि चेहरा बघून अडवणं बेकायदा असेल तर तेच करणाऱ्या मॅरिकोपा काउंटीच्या (फिनिक्स तिथलंच) शेरिफ आर्पायोचं इतकी वर्षं कसं निभावलं?

काटकोन
दोघंही अर्धे बरोबर. २५ जून २०१२ च्या निकालात चारपैकी तीन कलमं गेली: नोंदणीचे कागद जवळ नसणं हा राज्याचा गुन्हा ठरवणारं, परवान्याविना काम शोधणं गुन्हा ठरवणारं, आणि माणूस देशाबाहेर काढण्याजोगा वाटतो म्हणून विनावॉरंट अटक करू देणारं. उरलं ते २(बी). दुसऱ्या कुठल्या रीतसर कारणाने थांबवलेल्या माणसाबद्दल वाजवी संशय आला, तर पोलिसाने त्याचं इथलं वास्तव्य कायदेशीर आहे का हे फेडरल यंत्रणेकडून तपासून घ्यावं, असं ते कलम सांगतं.

ग्यानबाची मेख आहे ती वेळेत. २०१५ च्या रॉड्रिग्ज खटल्यात ताकीद लिहून झाल्यावर अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा गाडीभोवती फिरवण्यात जी सात-आठ मिनिटं गेली, तेवढीही संशयाला आधार नसेल तर जास्त, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. म्हणजे व्हिसाची चौकशी चलान लिहिण्याच्या वेळातच उरकायला हवी. २०१६ मध्ये एसबी १०७० वरचा खटला मिटला, तेव्हा ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलने पोलिसांना हेच लिहून दिलं: नुसत्या इमिग्रेशनसाठी थांबा लांबवायचा नाही.

एक बारकावा. वास्तव्याचा पुरावा घेतल्याशिवाय जे राज्य लायसन्स देत नाही, त्याचं लायसन्स दाखवलं की २(बी)खाली तुम्ही कायदेशीर आहात असंच धरून चालतात. न्यू जर्सीचं साधं लायसन्स २०२१ पासून कागद नसलेल्यांनाही मिळतं, त्यामुळे त्याचा हा उपयोग नाही. रिअल आयडी (वास्तव्याचा पुरावा घेऊनच मिळणारं लायसन्स) असेल तर उत्तम. नाहीतर तिकडे गेल्यावर ॲरिझोनाचं काढायचंच आहे, ते पहिल्या आठवड्यात काढा.

तळटीप
कागदांचं सांगतो. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा हा फेडरल नियम जुनाच आहे, २०२५ पासून त्याच्या अंमलावर जोर आलाय. तुमच्यासाठी आणि आईबाबांसाठी तो पुरावा म्हणजे आय-९४, देशात शिरताना होणारी नोंद. सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणारं फेडरल खातं) साइटवरून प्रिंट काढा, तिघांचे तीन. त्यावरची मुदत पासपोर्टातल्या व्हिसाच्या तारखेशी जुळवू नका, दोन्ही वेगळ्या असतात आणि चालते ती आय-९४ वरची.

चालकाला लायसन्स, नोंदणी आणि विमा दाखवावाच लागतो. रीतसर थांबवलेल्याने विचारल्यावर खरं नाव सांगायचं, हा ॲरिझोनाचा कायदा. 'कुठे जन्मलात' याला उत्तर न देण्याचा हक्क आहे, पण खोटं उत्तर देण्याचा नाही. आणि घाबरून 'अमेरिकन सिटिझन' असं कुणी म्हणू नये, आईबाबांना हे आधीच बजावून ठेवा. नागरिकत्वाचा खोटा दावा ग्रीनकार्डाचा रस्ता बहुधा कायमचा बंद करतो.

खोचक
कागदावर सगळं गोड आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या व्हरेन निकालाने पोलिसाच्या मनात काय होतं हे बघणंच बंद केलं. मागचा दिवा बंद, इंडिकेटर दिला नाही, एवढं पुरतं. मग रंग बघून अडवलं हे सिद्ध कसं करणार?

काटकोन
एका गाडीवरून जवळजवळ अशक्य, शेकडो थांब्यांवरून शक्य. व्हरेनमध्येच म्हटलंय की भेदभावाची तक्रार समान संरक्षणाच्या कलमाखाली करता येते. मॅरिकोपात तसंच झालं. फेब्रुवारी २००७ मध्ये आर्पायोच्या १६० माणसांना फेडरल सरकारशी झालेल्या २८७(जी) कराराखाली इमिग्रेशनचे अधिकार मिळाले, त्याच वर्षी लॅटिनोंना वंशावरून अडवण्याविरुद्धचा मेलेंद्रेस खटला दाखल झाला. थांब्यांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की लॅटिनो आडनाव असेल तर थांबा जास्त लांबतो. कार्यालयाचं धोरणही लेखी होतं: वंश हा एकमेव निकष नको, पण अनेकांपैकी एक चालेल. मे २०१३ मध्ये न्यायाधीश स्नो यांनी ते घटनाबाह्य ठरवलं.

निभावलं कसं, तर ऑक्टोबर २००९ मध्ये फेडरल सरकारने रस्त्यावरचे इमिग्रेशनचे अधिकार काढून घेतल्यावरही त्यांनी माणसं धरून आयसीईकडे (फेडरल इमिग्रेशन पोलीस) पोचवणं सोडलं नाही. कागदांविना देशात असणं हा मुळात दिवाणी मामला, तेवढ्यावरून डांबून ठेवायचा अधिकार शेरिफकडे उरलाच नव्हता. तसं डांबू नका हा डिसेंबर २०११ चा मनाई हुकूमही पाळला नाही, म्हणून २०१७ मध्ये अवमानाचा गुन्हा सिद्ध झाला. महिन्याभरात ट्रम्पनी माफी दिली. निकालानंतरचा एक नियम मला फार आवडतो: गाडीपाशी जायच्या आधीच थांबवण्याचं कारण नोंदवायचं. नंतर सुचलेलं कारण मग घुसवता येत नाही.

शंकेखोर
आणि जेलपर्यंत गेलं तर?

तळटीप
तिथे राज्याचा फरक खरा जाणवतो. हाताचे ठसे मात्र न्यू जर्सी असो की ॲरिझोना, एफबीआयमार्गे होमलँड सिक्युरिटीकडे जातातच. मग आयसीई जेलला डीटेनर पाठवतं, सुटकेनंतर ४८ तासांपर्यंत धरून ठेवा म्हणून. ती विनंती आहे, हुकूम नाही. २०१४ चा तिसऱ्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाचा गालार्झा निकाल तेच सांगतो. सोबतच्या आय-२०० (अटकेच्या) किंवा आय-२०५ (देशाबाहेर काढण्याच्या) वॉरंटवर सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नव्हे, म्हणून त्यावर घराचं दार उघडायला नकार देता येतो. न्यू जर्सीत २०१८ च्या निर्देशानुसार पोलीस ही विनंती ठरावीक गंभीर गुन्ह्यांतच पाळतात. टेक्सासात २०१७ पासून जेलने ती पाळायचीच असा राज्याचा कायदा आहे.

खोचक
८ सप्टेंबर २०२५ विसरलात. लॉस एंजेलिसमधल्या फेडरल गस्तीवर खालच्या कोर्टाने घातलेली बंधनं सुप्रीम कोर्टाने तूर्त उठवली, आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं की वांशिकता एकटी पुरेशी नाही, पण इतर गोष्टींसोबत विचारात घेता येते. मॅरिकोपाचं लेखी धोरण तरी याहून वेगळं काय होतं?

काटकोन
शब्दांत फार नाही, हे मान्य. पण ती फेडरल एजंटांबद्दलची तात्पुरती स्थगिती होती, मेलेंद्रेसचा हुकूम तिने रद्द केलेला नाही. शंकेखोर, मॅरिकोपाच्या शेरिफने अडवलं तर तोच हुकूम लागू. आयसीईच्या एजंटाने अडवलं तर नाही, म्हणून आधी गणवेश आणि बिल्ला बघा.