लाडकी बहीण पासष्टीला पोचली की दोडकी?

कोरांटी
शेजारच्या मावशींनी नुकतीच पासष्टी ओलांडली. लाडकी बहीणचे 1500 आता बंद, कारण तिथे वयाची अट 65 पर्यंतच. बरं, पुढच्या वयासाठी श्रावणबाळ योजना आहे, तिथेही 1500च मिळतात. म्हणजे एका खिडकीवरून उठून दुसरीला जायचं, एवढंच ना? तर नाही. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला फक्त 21 हजार! मावशींचा मुलगा गॅरेजात महिना बारा हजारांवर आहे. घर तेच, पगार तोच, पण वाढदिवस झाला आणि मावशी श्रीमंत झाल्या.

21 हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी 312 रुपये. घरातल्या एकाने वर्षात 100 दिवस हमीवर काम केलं की 31,200 होतात. सरकारच्याच कामावर माती उपसा आणि म्हाताऱ्यांचं अनुदान घालवा.

माझं मत: वृद्ध, अंध, दिव्यांग यांच्या बाबतीत घराचं उत्पन्न बघायचंच नाही. त्या माणसाच्या स्वतःच्या हातात काय पडतं तेवढंच बघा.

निवृत्त कारकून
असहमत. तहसीलात संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेचं टेबल सांभाळलंय, श्रावणबाळचे आणि दिव्यांगांचे अर्ज तिथेच येतात, म्हणून लिहितो. घराचं उत्पन्न सोडलं की सातबारा मुलाच्या नावे, गाडी सुनेच्या नावे, आणि माडीवर राहणारे आजोबा कागदावर कफल्लक. अशा अर्जांचा ढीग लागेल. शिवाय हे अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीवर पालकमंत्र्यांनी नेमलेला अध्यक्ष असतो. चाळणीच नसेल तर यादी कोणाच्या वहीतून येईल, हे सांगायला नको.

आणि आई-बापाला सांभाळणं हे मुलाचं काम नाही का? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज केला की मुलाला निर्वाहभत्ता द्यायला लावता येतो. केंद्र स्वतः वृद्धांना 79 वर्षांपर्यंत महिना 200 रुपये देतं, ऐंशीनंतर 500, तेही दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. बाकीचा भार राज्यावर. तिजोरीला तळ असतो हो.

कोरांटी
मुलावर प्रांताकडे केस घालून ती बाई रात्री कुणाच्या हातचं जेवणार? मुलगा सांभाळत नाही असं मी म्हटलेलंच नाही. बारा हजारांत पाच माणसं सांभाळतोय तो.
तिजोरीचं म्हणाल, तर अडीच लाखांची मर्यादा ठेवताना तिला तळ नव्हता वाटतं?

चहाटळ
आमच्या गावात सगळ्यांचंच उत्पन्न 21 हजारांच्या आत आहे. ट्रॅक्टरचं कर्ज काढायला जाईपर्यंत.

पांढरी काठी
मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर लिहितोय, टायपो चालवून घ्या.
दिव्यांगांसाठी मर्यादा 21 नाही, 50 हजार आहे. पण तीही कुटुंबाचीच. माझं नाव भावाच्या रेशनकार्डावर होतं, त्याचा दुधाचा धंदा. म्हणून नाव कमी करून वेगळं कार्ड काढलं. कागदावर मी स्वतंत्र चूल मांडून राहतो, प्रत्यक्षात वहिनीच्या हातची भाकरी खातो. कारकूनसाहेब, तुमच्या चाळणीने एवढंच साधलं: खोटं बोलायला शिकवलं.

भाऊ चांगला आहे. पण दाढीचं ब्लेड हवं तरी त्याला सांगावं लागायचं. आता बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकवतो, नोटा दोनदा चाचपून मोजतो आणि दुकानात स्वतः जातो. घराचं उत्पन्न माझ्या खिशात येत नाही, साहेब.

हिशोबी
तुम्ही सगळे मर्यादेवर भांडताय, मला रकमेचा प्रश्न मोठा वाटतो. आंध्रात जुलै 2024 पासून वृद्धांना 4000, दिव्यांगांना 6000. आपल्याकडे दिव्यांगांचे 1500 चे 2500 व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. त्याआधी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू अमरावती जिल्ह्यात मोझरीला उपोषणाला बसले होते, मागणी 6000 ची. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 सांगतं, की इतरांना जे साहाय्य मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त द्या. इतकी वर्षं दोघांना सारखेच मिळत होते. वृद्ध अजून 1500 वरच आहेत.
मर्यादा काढली तर माणसं वाढतील, मग रक्कम वाढवणार कशी? आधी आहेत त्यांना जगण्यापुरतं द्या.

कोरांटी
मग मावशींनी रांगेतच उभं राहायचं नाही, कारण पुढच्याला जास्त मिळायला हवं? हा हिशोब मला पटत नाही.

निवृत्त कारकून
पांढरी काठी, रेशनकार्ड फोडून आणणारे रोज यायचे. आम्हाला कळायचंही. कागद बरोबर असला की पुढे पाठवायचा, दुसरं काय करणार. 21 हजारांचा आकडा जुनापुराणा झालाय हे मान्य, लाडकी बहीणएवढा अडीच लाख करा, माझी हरकत नाही. म्हणजे मावशींचाही प्रश्न सुटतो. पण मर्यादा हवीच, आणि ती घराचीच हवी. नाहीतर माडीवाले आजोबा पहिल्या दिवशी अर्ज घेऊन हजर.

पांढरी काठी
अडीच लाख झाले तरी दाखला भावाच्याच उत्पन्नाचा लागणार. गेल्या वर्षी त्याने दोन म्हशी घेतल्या, उद्या आणखी दोन घेईल. त्याच्या म्हशी वाढल्या की माझे 2500 जाणार, यात मी कुठे आलो? माडीवाल्यांना अडवायचं तर आयकर भरणाऱ्यांची आणि सरकारी पेन्शनवाल्यांची नावं सरकारकडे आहेतच, ती वगळा. त्यासाठी माझ्या भावाच्या गोठ्यात कशाला डोकावता?

चहाटळ
म्हशींचा मुद्दा बिनतोड. कारकूनकाका, उत्तर द्या.

निवृत्त कारकून
आयकर भरणारे वगळा, हे ठीक. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पन्नास एकर उसाचा मालक तुमच्या चाळणीतून सुखरूप खाली येईल. त्याचं काय करायचं ते सांगा, मग बोलू.