नववीला बोरची वर्तुळं शिकवायची की थेट ऑर्बिटल?

खानापूर_विज्ञान: आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांत नववीला अणू म्हणजे फळ्यावर मधे टिंब (केंद्रक), भोवती वर्तुळं, त्यांवर इलेक्ट्रॉन २, ८, ८, म्हणजे शास्त्रज्ञ नील्स बोरचं प्रतिमान. माझं मत, हे चित्र बंदच करावं, थेट ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन कुठं सापडण्याची शक्यता किती, ते दाखवणारा ढग) शिकवावं. हायड्रोजनच्या तळाच्या पातळीत इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) शून्य असतो; बोर तिथं प्लांकचा स्थिरांक भागिले २π धरतो. म्हणजे पायाच चुकीचा. हेलियमच्या प्रकाशातल्या रंगीत रेषाही या प्रतिमानातून निघाल्या नाहीत. मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) पोरांना सगळं पुसून नव्यानं शिकायचं.

निपाणीकर: पुसायचं ते चित्र, आकडे नव्हेत ओ सर. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या बोरच्या बरोबरच आहेत. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उडी घेताना सुटणारी ऊर्जा काढायला १३.६ गुणिले (१/४ वजा १/९) करा, १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात. तरंगलांबीसाठी १२४० ला त्यानं भागा: ६५६ नॅनोमीटर, हायड्रोजनची तांबडी रेषा! हे नववीचं पोर वहीत करतंय की. ऑर्बिटल ज्यातून निघतात ते श्रोडिंगरचं १९२६ चं समीकरण कोण सोडवणार?

शिवाय क्रम बघा. रदरफर्डनं १९११ ला केंद्रक मांडलं. पण फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत सोडत सेकंदाच्या सुमारे शंभर अब्जाव्या भागात केंद्रकात पडायला हवा. ही अडचण होती म्हणून १९१३ ला बोर. ती गाळली तर ऑर्बिटल पोरांना कुठून आलं ते कळणारच नाही.

शहापूर_मॅडम: खरी पंचाईत पोटॅशियमला होते. कवचात जास्तीत जास्त दोन एन वर्ग (२n²) इलेक्ट्रॉन शिकवलं, एम म्हणजे तिसऱ्या कवचात १८ जागा सांगितल्या, आणि लगेच २, ८, ८, १ लिहिलं. पोरगी विचारते, "बाई, दहा जागा रिकाम्या असताना एकोणिसावा पुढं का गेला?" तिथं फोर एसची (चौथ्या कवचातल्या एस उपकवचाची) पातळी थ्री डीच्या (तिसऱ्यातल्या डी उपकवचाच्या) खाली आहे, हे वर्तुळात दिसतच नाही. "शेवटच्या कवचात ८ च्या वर नाही" म्हणून आपण सुटतो, कारण मात्र राहून जातं.

निपाणीकर: कॅल्शियमपर्यंत तो नियम चालतो, नववीला पुरे.

टिळकवाडी_लॅब: चित्रावर भांडण्याआधी रेषा दाखवा, घरगुती वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करणारं साधन) करून. बुटांचा खोका घ्या, एका टोकाला दाढीची दोन पाती लावून अर्ध्या मिलिमीटरहून बारीक फट. दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा: कडेला पातं घालून दोन थर सोडवा, चकाकी चिकटपट्टीनं उपटा, रंग राहिला तर स्पिरिटनं पुसा. खाचा फटीला समांतर हव्यात, आडव्या लावल्या तर रेषाच मिळत नाहीत. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात. आणि सरळ समोर बघू नका. खाचांतलं अंतर ०.७४ मायक्रॉन, त्यामुळं पिवळा प्रकाश जवळजवळ ५३ अंशांवर निघतो. बघायचं भोक त्या बाजूला पाडा. सीएफएल दिव्यात हिरवी ५४६ नॅनोमीटरची रेषा स्पष्ट दिसते. एलईडीत सलग पट्टा, तो उपयोगाचा नाही.

खानापूर_विज्ञान: सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या रेषेसाठी रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा चालेल की.

टिळकवाडी_लॅब: नाही ओ. ते दिवे बहुतेक उच्च दाबाचे, नेमकी ५८९ वरच काळी पट्टी येते आणि पोरं गोंधळतात. स्पिरिटच्या दिव्यात मिठाचं पाणी लावलेली तार धरा.