डेटाबेस सर्व्हरला एसएसडी कुठली घ्यावी? मदत हवी आहे
मंडळी, सांगली मार्केट यार्डात एका अडत दुकानाचा पोस्टग्रेसचा (डेटाबेस सॉफ्टवेअर) सर्व्हर बघतो, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत सतत एंट्र्या चालू असतात आणि लाईटचा भरवसा नाही, यूपीएस आहे पण बॅटरी म्हातारी झालीय. आत्ता साधी डेस्कटॉपची एसएसडी आहे, ती बदलायचीय. पॉवर लॉस प्रोटेक्शन पाहिजेच, म्हणजे अचानक लाईट गेली तरी आतल्या कपॅसिटरच्या जोरावर कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा लिहून होतो. किंग्स्टन डीसी६००एम की सॅमसंग पीएम८९३, ९६० जीबीच्या दोन घेऊन रेड १ (दोन्हीवर तोच डेटा) करणार. रोज एकदा पूर्ण ड्राइव्ह लिहिण्याएवढी क्षमता आमच्या कामाला बक्कळ आहे ना? दोन्ही एकाच बॅचच्या घेऊ नयेत म्हणतात, तुम्ही पाळता का हे? शेठ म्हणतात एवढी महाग कशाला, त्यांना काय सांगू ते पण सुचवा 😅