अनुभव धागा : घरच्या चित्रफिती, गेलेल्या आणि वाचलेल्या

नव्वदच्या दशकात लग्न म्हटलं की शूटिंगवाला आलाच. झगझगीत दिवा धरलेला पोऱ्या, वायर गुंडाळत मागे फिरणारा दुसरा, आणि मिक्सिंगमध्ये गुलाबाच्या फुलातून उगवणारे नवरानवरी. त्या कॅसेटींचं पुढे काय झालं? पुसल्या गेल्या, कुजल्या, की वाचल्या? 'बॅकअप घ्या' एवढाच उपदेश नको, नेमकं काय झालं ते लिहा.

आमच्याकडच्या गेल्या त्या जपण्याच्या खटाटोपात. 2003च्या सुमारास बाबांनी सगळ्या कॅसेटींच्या व्हीसीडी करून घेतल्या आणि जागा अडते म्हणून मूळ कॅसेटी भंगारात घातल्या. व्हीसीडीचं चित्र जेमतेम 352 बाय 288चं, तेही दाबून बसवलेलं. नाचणाऱ्या माणसांचे नुसते चौकोन दिसतात. शिवाय एका चकतीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून दुकानदाराने तीन तासांतलं 'कामाचं' तेवढं ठेवलं. कामाचं म्हणजे मंगलाष्टकं आणि आहेर. पंगतीत आजी उखाण्यासाठी आजोबांना अडवून बसली होती, ते गेलं. माझं मत विचाराल तर डिजिटल केल्यावरही मूळ कॅसेट टाकू नका. पुढे जास्त चांगली कॉपी निघू शकते ती तिच्यातूनच.

पहिल्या_बाकावरचा
आमच्या मुंजीच्या कॅसेटची मागची प्लास्टिकची बारकी पट्टी मोडलेली होती, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग व्हायलाच नको. पण काकांना युक्ती माहीत होती. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा कोरी समजली जाते! 9 मार्च 1996, बंगळूर, भारत-पाकिस्तान. मी भिक्षावळीला झोळी पुढे करतो आणि पुढच्या क्षणी अजय जडेजा वकारला झोडपतोय. भांडायचं तरी कसं, सामना आपण जिंकलेला. वरून दुसरं काही टेप झालं की खालचं परत मिळत नाही, हे मात्र पक्कं.

माडबन
कोकणात शत्रू एकच, दमट हवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. 'बघू तरी चालतेय का' म्हणून लावू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते, पुढच्या कॅसेटला लागते, आणि टेप तुटते ती वेगळीच. आमच्या वहिनींनी एका संध्याकाळी चार कॅसेटी पाठोपाठ लावल्या, त्यातल्या तीन चांगल्या होत्या. आता उरलेल्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवतो, पूर्ण रिवाइंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या.

कृष्णाकाठ
सांगली, ऑगस्ट 2019. कपाटातलं सगळं चिखलात. शेजाऱ्यांनी कॅसेटी गच्चीवर उन्हात वाळवल्या, टेपचे थर एकमेकांना चिकटले. आम्हाला एका जाणकाराने फोनवर सांगितलं होतं की ऊन नको, हेअर ड्रायर नको, लावून तर मुळीच बघू नका. स्वच्छ पाण्याने चिखल काढून लगेच दुरुस्तीला पाठवा. दोन वाचल्या. कॉपी ठेवलेली हार्ड डिस्क मात्र त्याच कपाटात होती. कॉपी दुसऱ्या गावात हवी, हे तेव्हा कळलं. आता एक संच पुण्याला बहिणीकडे असतो.

एडिसनची_आत्या
माझ्या लग्नाची कॅसेट न्यू जर्सीत लावली तर चित्र नुसतं गरागरा वर सरकायचं. खराब झाली म्हणून टाकणारच होते. मग कळलं, टीव्हीचं चित्र टेपवर उतरवायच्या पद्धती वेगळ्या: भारतातली पाल, इथला व्हीसीआर एनटीएससी. दोन्ही पद्धती वाचणारं मशीन मिळालं आणि सगळं लख्ख दिसलं. परदेशातल्यांनी कॅसेट टाकण्याआधी एवढं तपासाच.

चिऊचा_बाबा
आमच्या पिढीचं दुखणं फोनचं. मुलीची पहिली पावलं बायकोने 'जागा भरली' म्हणून फोनवरून उडवली आणि क्लाउडवरूनही गेली, कारण तिथे सिंक होतं. इकडे उडवलं की तिकडेही उडतं, ती काही वेगळी कॉपी नव्हे. गुगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेलं 60 दिवस राहतं, पण आमच्या लक्षात आलं तोवर ते उलटले होते. सासूबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवलेली धूसर प्रत तेवढी आहे. मेमरी कार्डावरून काही उडालं तर त्यावर नवीन काही घेऊ नका, कार्ड काढून बाजूला ठेवा. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याचदा परत काढून देतं.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो
घरी आठ-दहा व्हीएचएस आहेत, व्हीसीआर नाही. नवीन मिळतो का?

पहिल्या_बाकावरचा
नाही. जपानच्या फुनाईने 2016च्या जुलैत उत्पादन थांबवलं, तो शेवटचा कारखाना. माझ्याकडे चालू आहे, बाहेर देत नाही. ठाण्याला या, व्हीसीआरचं चित्र संगणकात उतरवणारं यूएसबी कॅप्चर जोडून ठेवतो. एका कॅसेटला तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो, तेव्हा सकाळीच या. बुरशीवाल्या घरी ठेवून या.